मधली गल्ली

“काकू, तुम्ही चला आत. मॅडम, तुम्ही संध्याकाळी या,” सिस्टर रोहिणी म्हणाल्या, आणि मी अर्धा अंगात चढवलेला हिरवा गाऊन पुन्हा उतरवायला लागले.

काकू म्हणजे माझ्या विहीणबाई, कमलताई इंगोले. मॅडम म्हणजे मी. अमरावतीच्या त्या दवाखान्यात कमलताई दाराशी बसणाऱ्या मावशींपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या काकू झाल्या होत्या. मला मात्र कुणी न सांगताच सगळ्यांनी मॅडम ठरवून टाकलं होतं. चिपळूणच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, त्याचं काहीतरी चेहऱ्यावर राहून गेलं असावं.

कमलताईंनी कोपरापर्यंत हात धुतले, केस टोपीत कोंबले आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. मी काचेला कपाळ टेकून उभी राहिले.

आत आमची नात होती. सातव्या महिन्यातच आलेली, किलोभरही न भरलेली, नाकात श्वासाच्या नळ्या. दिवसातून दोनदा तिला पेटीतून काढून कुणाच्या तरी उघड्या छातीवर उभी ठेवत, कातडीला कातडी लागेल अशी, आणि वरून मऊ कापडाने बांधत. कांगारू पिल्लाला पोटाशी घेऊन हिंडते तसं. त्याने अशा बाळांची ऊब टिकते, श्वास स्थिरावतो. खरं तर हे आईचं काम. पण माझी लेक केतकी सिझेरियनच्या टाक्यांत पू होऊन वरच्या मजल्यावर तापाने पडली होती, आणि ताप असलेल्या माणसाला आत मज्जाव. म्हणून मग दोन आज्या. सकाळी एक आणि संध्याकाळी एक, असं आधी ठरलं होतं. पण सकाळ कायमची कमलताईंची होऊन बसली होती आणि माझ्या संध्याकाळीही त्या अधूनमधून घेत.

कारण पडद्यावर दिसायचं. बाळ कमलताईंच्या छातीवर ठेवलं की प्राणवायूचा आकडा सावकाश वर चढायचा आणि तिथेच राहायचा. माझ्याकडे आलं की तो खालीवर व्हायचा, यंत्र किणकिणायला लागायचं. सिस्टर म्हणायच्या, “मॅडम, खांदे सैल सोडा. आकड्याकडे बघू नका.” मी आकड्याकडेच बघत राहायची.

मला त्या बाईचा हेवा वाटत होता. मत्सर म्हटलं तरी चालेल.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरचं. चिपळूणला मी मागची खोली रंगवून घेतली होती. डिंक, अळीव, जुन्या सुती साड्यांची धुऊन शिवलेली दुपटी, सगळं तयार होतं. केतकी जर्मनीहून आली ती आधी सासरी, डोहाळजेवणापुरती. तिथून पुढच्याच आठवड्यात ती माझ्याकडे यायची होती. पण डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशी तिचं ब्लडप्रेशर एवढं वाढलं, की बाळाला बाहेर काढल्यावाचून डॉक्टरांना इलाज उरला नाही. मी दुपट्यांची पिशवी घेऊन निघाले ती अशी अमरावतीत येऊन पडले. माझ्या लेकीच्या बाळंतपणाला मी पाहुणी झाले होते. चहा आयता हातात मिळायचा. केतकीला डबा कमलताईंच्या हातचा. आणि बाळाला छातीही कमलताईंचीच.

माझ्याकडे काय होतं, तर समजावून सांगणं. बाहेरच्या व्हरांड्यात इतर बाळांच्या आत्या, मावश्या, आज्या बसलेल्या असत. डॉक्टर काय बोलून गेले ते त्यांना उमगायचं नाही, आणि विचारायची भीती. त्यातल्या दोघींच्या बाळांना आमच्या बाळासारखंच हृदयाचं दुखणं होतं. मी त्यांना बाकावर खडूने दोन रस्ते काढून दाखवले. हा रस्ता फुप्फुसाकडे जातो, हा सगळ्या अंगाकडे. आईच्या पोटात बाळाचं फुप्फुस म्हणजे बंद दुकान. तिकडे रक्त पाठवून उपयोग काय? म्हणून निसर्गाने दोन रस्त्यांच्या मध्ये एक गल्ली ठेवलेली असते, रक्त तिथून परस्पर वळतं. जन्मलं की बाळ श्वास घेतं, दुकान उघडतं, आणि ही गल्ली आपोआप बंद होते. पण फार लवकर जन्मलेल्या बाळाची गल्ली उघडीच राहते. मग उलट होतं, अंगाकडे जायचं रक्त गल्लीतून फुप्फुसात घुसतं, फुप्फुसं चिंब होतात आणि बाळ श्वास घेऊन घेऊन थकतं.

बायका माना डोलवत. एकीने तर मला वरच्या मजल्यावर नेऊन आपल्या सुनेलाही ते सांगायला लावलं. कमलताई अशा वेळी डबा घेऊन बाजूने जात, कधी थांबत नसत. मला वाटायचं, यांना हे सगळं मिरवणं वाटत असेल.

प्रफुल्ल, म्हणजे जावई, बाळ झाल्याचं कळताच धावत आला होता आणि दोन आठवडे राहून परत गेला होता. त्याला पाठवलं मीच. म्हणजे, मी जा म्हटलं.

हॅम्बुर्गजवळ जमिनीखाली काही किलोमीटर लांब बोगदा आहे. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळवतात, मग चुंबकांच्या रांगांमधून नागमोडी नेतात, आणि त्यातून क्ष-किरणांचा लेझर निघतो. एकेक झोत इतक्या कमी वेळाचा, की डोळ्याची पापणी लवते तो वेळ त्यापुढे युग म्हणावा. औषध शरीरातल्या प्रथिनावर नेमकं कुठे आणि कसं जाऊन बसतं, हे प्रफुल्लचा गट त्या झोताने टिपतो. तिथे जगभरातले गट अर्ज करून बसलेले असतात, आणि मोठ्या मुश्किलीने चार-पाच दिवस पदरात पडतात. ते दिवस हुकले की गेले. हे त्याने मला दवाखान्यासमोरच्या चहावाल्याकडे उभ्याउभ्या सांगितलं होतं. तो मला नेहमीच सांगायचा. लग्न झाल्यापासून त्याचे माझ्याशी तास-तास फोन चालत, आणि त्या फोनांनी निवृत्तीनंतर मला जिवंत ठेवलं होतं.

“मी औषधांचेच फोटो काढतो, आई,” तो तेव्हा म्हणाला होता, “आणि माझ्या पोरीला औषध लागू पडत नाहीये.” गल्ली बंद करायचं औषध असतं. त्याचा पहिला फेरा वाया गेला होता, दुसरा सुरू व्हायचा होता. जाऊ का, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, जा, आम्ही आहोत. केतकीही तेच म्हणाली. कमलताईंना कळलं तेव्हा त्याची बॅग भरून दारात होती. “जपून जा,” एवढंच त्या म्हणाल्या.

त्या दिवशी सकाळी गाऊन उतरवून मी व्हरांड्यात येते न येते तोच डॉक्टर लढ्ढांनी आम्हा दोघींना बोलावणं पाठवलं. कमलताई बाळाला पेटीत ठेवून आल्या. डॉक्टरांनी आधी बसायला सांगितलं.

दुसरा फेराही वाया गेला होता. गल्ली उघडीच होती आणि बाळ थकत चाललं होतं. वाट बघत बसलो तर तिला मोठ्या श्वसनयंत्रावर घ्यावं लागेल, आणि मग तिथून परतीची वाट अवघड, असं डॉक्टर म्हणाले. छाती उघडून ती गल्ली बांधून टाकता येते, पण एवढ्याशा जिवाला ते झेपेल का, याची त्यांना खात्री नव्हती. तिसरा मार्ग नवा होता. मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, आणि तिच्यातून तारेच्या जाळीचं, वाटाण्याहून लहान बूच त्या गल्लीत नेऊन बसवायचं. किलोभराच्या आतल्या बाळांमध्ये हे करणारे लोक तेव्हा आपल्याकडे मोजकेच होते. त्यातले एक डॉक्टर नागपूरला होते. संध्याकाळपर्यंत होकार कळवला तर ते दुसऱ्या दिवशी आपली माणसं आणि सामान घेऊन येणार होते.

केतकीला सांगितलं. ती उशीवर मान फिरवून भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मला नाही सुचत. तुम्ही दोघी एकमताने सांगा, मी सही करते.”

आणि इथे आम्ही दोघींनी जे केलं ते फक्त दोन विहिणीच करू शकतात. मी कमलताईंना म्हटलं, तुम्ही सांगा. त्या म्हणाल्या, छे, तुम्ही सांगा, मुलगी तुमची. मी म्हटलं, पण बाळ इंगोल्यांचं. त्या म्हणाल्या, पहिलं बाळंतपण माहेरचं, तुमचा मान. मी म्हटलं, असं कसं, आम्ही तुमच्या गावात आहोत, मान तुमचा. शेजारच्या खाटेवरची बाई इकडून तिकडे फिरणाऱ्या ओटीच्या नारळाकडे बघावं तशी आमच्याकडे बघत होती. केतकीने डोळे मिटून घेतले.

माझं उत्तर मनात तयार होतं. बूच. पण मी हो म्हटलं आणि उलटं झालं, तर जन्मभर त्या घरात मी ‘हो म्हणणारी’ राहिले असते. कमलताईंचंही तेच असणार. मानाच्या पांघरुणाखाली दोघी एकमेकींवर टपून बसलो होतो. सकाळची दुपार झाली, आणि खाली ते पोर श्वासासाठी झगडत होतं.

दुपारी प्रफुल्लचा फोन आला. मला. त्याला केतकीने कळवलं होतं. आवाज ओढलेला होता, मागे कसलीतरी घरघर चालू होती. मिळेल त्या विमानाने निघतो म्हणाला, पण उद्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. त्याने मला बुचाचं सगळं विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाला, “माझं मत बुचालाच आहे. आईला तुम्हीच समजवा. मी सांगितलं तर ती नुसती रडेल.”

खरं सांगते, जिना उतरताना माझी मान ताठ झाली होती. बाळ त्यांच्याकडे शांत झोपत असेल, पण बाळाचा बाप मला विचारत होता.

कमलताई हात धुवायच्या जागी होत्या. मी म्हटलं, “प्रफुल्लचा फोन होता.”

“तुम्हालाच येईल,” त्या म्हणाल्या. नळ बंद केला नाही.

“बूच बसवावं असं म्हणतोय. तुम्हाला समजवायला सांगितलंय.”

त्यांनी नळ बंद केला. ओले हात तसेच पुढे धरून माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नाही, उलट खाली आला.

“समजवायला. म्हणजे मला समजत नाही, हे त्याचं पक्कं. काहून हो विहीणबाई, तुम्ही बाहेर त्या बायांना खडूनं रस्ते काढून काढून शिकवता. परक्या बायांना. मी तुमच्यासमोरून दिवसातून चार वेळा जाते. मला एकदा तरी बस म्हटलं? माझ्या नातीच्या छातीत काय होऊन राहिलं, ते मला दुसऱ्या पेशंटच्या आजीनं सांगितलं. तुमच्याकडून ऐकून.”

त्यांच्या बोटांवरून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

“पोरगा माझा. मला विचारतो, आई, जेवलीस का, गुडघा कसा आहे. तुमच्याशी तास-तास बोलतो. घरी आला की तुमचे फोन मी स्वयंपाकघरातून ऐकते. हसतो किती. शेजारीण विचारते, प्रफुल्ल काय करतो जी तिकडे? मी म्हणते, लेझर. ती म्हणते, म्हणजे? आता म्हणजे काय, ते मला माहीत असेल तर सांगू ना. तुम्ही त्याला जा म्हटलं, तो गेला. मला विचारलंही नाही.” त्यांनी गाऊनच्या बाहीनेच डोळे पुसले. “हे बाळ छातीशी घेणं, एवढं एकच आहे जे इथं मला येतं. तेही तुम्ही काचेतून असं पाहता, की मी तुमचं काही चोरून राहिली.”

तीन आठवडे मी त्या काचेबाहेर उभी होते. काचेच्या पलीकडच्या बाईलाही कसला हेवा वाटत असेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

काही म्हणावंसं वाटलं, पण जे सुचलं ते सगळं शाळेतल्या भाषणासारखं होतं. म्हणून मी खिशातला खडू काढला. “बसता का?” मी म्हटलं.

आम्ही तिथेच, चपलांच्या मांडणीशेजारी फरशीवर बसलो. मी दोन रस्ते काढले, गल्ली काढली. त्या फार पटकन पुढे गेल्या. गल्लीचं त्यांनी आधीच ऐकलं होतं. त्यांना हवं होतं ते दुसरंच. “आधी त्याचं सांगा,” त्या म्हणाल्या. “लेझर.”

मी बोगदा काढला. इलेक्ट्रॉन, चुंबक, नागमोडी वाट. पुढे एका बारीक धारेतून प्रथिनाचे स्फटिक एकामागून एक येत राहतात, धुळीच्या कणांहून लहान, आणि त्यांच्यावर झोत पडतो. झोत एवढा प्रखर, की कण फुटून जातो. पण तो फुटायच्या आत त्याचा ठसा उमटलेला असतो. असे हजारो ठसे जुळवून मग चित्र तयार होतं.

“फुटून जातो?” कमलताईंनी विचारलं. “मग?”

“मग पुढचा येतो. धारेत लाखो असतात.”

त्या खडूच्या रेघेवर बोट टेकवून बसल्या होत्या. “त्याचं बरं आहे,” त्या म्हणाल्या. “आपल्याकडे एकच आहे.”

एक मावशी बादली घेऊन आल्या, आम्हाला बघून परत फिरल्या.

मग कमलताईंनी विचारलं, “ते बूच आज वाटाण्याएवढं. पोर तर वाढणार. हृदय वाढणार. बूच वाढेल का? नाही वाढलं तर उद्या ते ढिलं होऊन निघून नाही जाणार?”

इतक्या वर्षांत मुलांनी मला किती प्रश्न विचारले असतील. उत्तर माहीत नसलं की मी म्हणायची, छान प्रश्न, उद्या बघू. इथे उद्या नव्हता. “मला माहीत नाही,” मी म्हटलं. “चला, विचारू.”

डॉक्टर लढ्ढा जेवायला बसले होते. डबा बाजूला सारून त्यांनी आम्हाला ऐकून घेतलं. बूच वाढत नाही, ते म्हणाले. पण काही महिन्यांत त्याच्यावर आतून नवा थर चढतो आणि गल्ली कायमची बुजते. बुजलेल्या गल्लीला वाढायचं कारणच उरत नाही, मोठे रस्ते तेवढे वाढतात. कमलताईंनी विचारलं, आणि बसवतानाच सरकलं तर? डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. बहुतेक वेळा ओढून परत घेता येतं, ते म्हणाले, नाही आलं तर ऑपरेशन, आणि तेवढा धोका आहेच. कमलताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. या वेळी कुणी कुणाला मान दिला नाही.

“बसवा,” त्या म्हणाल्या.

“बसवा,” मी म्हटलं.

केतकीने सही केली. तिची अक्षरं वाकडी आली होती.

दुसऱ्या दिवशी नागपूरची माणसं आली. बाळाला नेताना पेटीवर एक हिरवं कापड टाकलेलं होतं, त्यामुळे आम्हाला तिचा पायही दिसला नाही. आत क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत ते डॉक्टर नळी पुढे सरकवणार होते. कमलताईंनी विचारलं, हे प्रफुल्लचेच किरण का? मी म्हटलं, जात तीच, पण हे खूप सौम्य. त्या ‘हं’ म्हणाल्या आणि माझा हात धरला. किती वेळ धरला होता ते मला सांगता येणार नाही. त्यांचा हात गरम होता, सैल होता. बाळाला काय मिळत होतं ते मला तेव्हा कळलं.

दार उघडलं. नागपूरचे डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली ओढत म्हणाले, बसलं. गल्ली बंद. रक्त आपापल्या रस्त्याने चाललंय. आता दोन-तीन दिवस जपायचं.

कमलताई बाकावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मी उभीच होते, कारण बसले असते तर उठता आलं नसतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पडद्यावर प्रफुल्लचं नाव. मी तो न उचलता कमलताईंच्या हातात दिला.

“तुम्ही सांगा,” मी म्हटलं.

त्या गोंधळल्या. मग फोन कानाला लावून म्हणाल्या, “मी आई. झालं रे राजा. बसलं.” तिकडे तो रडला असावा, कारण त्या बराच वेळ नुसतं “हो, हो, बाप्पा” म्हणत होत्या. आता फोन माझ्याकडे येईल म्हणून मी हात पुढे केला. पण त्यांचं लक्ष नव्हतं.

“अन् तुमचं कसं झालं?” त्यांनी विचारलं. “धार नीट चालली का? कण सापडले का पुरेसे, का सगळे फुटूनच गेले?”

मग तो बोलायला लागला. कमलताई उठल्या, फोन कानाला धरून व्हरांड्याच्या टोकाला गेल्या, तिथून परत आल्या, पुन्हा गेल्या. मध्येच हसल्या. त्याच्या हसण्याचाही आवाज मला ऐकू आला. फोन माझा होता, जावई माझा होता, आणि मी बाकावर बसून त्यांच्या फेऱ्या बघत होते. पुन्हा तीच हेव्याची कळ उठली. नात वाचली होती, त्या आनंदाच्या शेजारीच ती निर्लज्जपणे बसून होती. या गोष्टीला आता वर्षं झाली, तरी त्याचा फोन आधी अमरावतीला जातो हे कळलं की ती अजून उठते.

कमलताई आल्या, फोन माझ्या हातात दिला. तो तापला होता. बोलून झालं होतं.

“विमानतळावर निघाला म्हणे,” त्या म्हणाल्या. “ऐका, काय झालं ते सांगते.” आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसल्या, माझ्या खिशातला खडू काढून घेतला आणि बाकावर बोगदा काढून मला क्ष-किरणांचा लेझर समजावून सांगायला लागल्या. इलेक्ट्रॉनच जाऊन कणांवर आपटतात असं त्या म्हणाल्या, ते चूक. फोटो तयारच बाहेर पडतो असं म्हणाल्या, तेही चूक.

मी तोंड उघडलं, आणि मिटलं.

“अस्सं,” मी म्हटलं. “मग पुढे?”